दिसणे आणि साठणे

इतिहास शिकवण्यात माझी तीसेक वर्षे गेली. नव्या वर्गात पहिल्या तासाला मी मुलांना एक गोष्ट बजावून सांगत असे, की घडून गेलेले सगळेच काही इतिहासात येत नाही. ज्याचा काही ना काही पुरावा टिकला तेवढेच येते. मुले माना डोलावत आणि विसरून जात. पण एखादा हुशार मुलगा विचारी, "सर, मग जे टिकलं नाही त्याचं काय?" या प्रश्नाला इतिहासाच्या शिक्षकाजवळ उत्तर नसते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लक्षावधी मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. ते आहेत म्हणून आपण अठराव्या शतकाविषयी अधिकाराने बोलतो. वाळवी, ओल आणि आग यांनी जे कागद खाल्ले, त्यांतली माणसे मात्र गेली ती गेलीच.

आजच्या काळाचेही असे एक दफ्तर आहे. ते सोसायटीच्या जिन्याखाली, दुकानाच्या गल्ल्यामागे, शाळेच्या कार्यालयात, पोलीस ठाण्याच्या कोपऱ्यात ठेवलेले असते. डबा वहीपेक्षा थोडा मोठा, पुढे दोन-तीन मिणमिणते दिवे, मागे वायरींचे जंजाळ. कॅमेऱ्यांनी टिपलेले सारे या डब्यात साठते. साधे कॅमेरे आणि जाड केबल असतील तर त्याला डीव्हीआर म्हणतात, आणि कॅमेरे नेटवर्कवरचे असतील, म्हणजे चित्र कॅमेऱ्यातच आकड्यांत रूपांतरित होऊन येत असेल, तर एनव्हीआर. नावे दोन असली तरी दोघांच्या पोटात वस्तू एकच, हार्ड डिस्क. आणि ही हार्ड डिस्क बंद पडली तरी समोरच्या पडद्यावरचे चित्र बहुधा चालूच राहते. या दफ्तराची वाळवी ती हीच. आज तिचाच इतिहास थोडा सांगावा म्हणतो.

योगायोग असा की, ज्या दोन शोधांच्या संगमातून हे यंत्र झाले ते दोन्ही शोध कॅलिफोर्नियात एकाच खाडीच्या काठावर लागले, आणि एकाच वर्षी, १९५६ साली, लोकांसमोर आले.

पहिला शोध हार्ड डिस्कचा. सॅन होजे येथे आयबीएम कंपनीने १९५२ साली एक छोटी प्रयोगशाळा काढली आणि ती रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हवाली केली. हे जॉन्सन मूळचे आमच्याच जातकुळीचे, म्हणजे शाळामास्तर! मिशिगनमधल्या एका शाळेत ते विज्ञान शिकवत. पेपर तपासण्याचा कंटाळा प्रत्येक शिक्षकाला असतो. यांनी त्यावर उपाय म्हणून पेन्सिलीच्या खुणा वाचून गुण देणारे यंत्रच बनवले, आणि त्यामुळे आयबीएमने त्यांना १९३४ साली नोकरीवर घेतले. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी जी रामॅक प्रणाली सिद्ध केली, ती सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर झाली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या, आणि त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. एवढे कपाटाएवढे, सुमारे टनभर वजनाचे धूड, आणि साठवण किती, तर ५० लाख अक्षरे. आज मोबाईलवरचा एक फोटो तेवढी जागा घेतो.

दुसरा शोध चित्रफितीचा. रेडवुड सिटीच्या अँपेक्स कंपनीत चार्ल्स गिन्सबर्ग आणि त्यांचे सहकारी (त्यांत पुढे ध्वनीच्या क्षेत्रात गाजलेले रे डॉल्बीही होते) दूरदर्शनचे चित्र चुंबकीय फितीवर उतरवण्याच्या खटपटीत होते. एप्रिल १९५६ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात त्यांनी आपले यंत्र दाखवले. एका अधिकाऱ्याचे भाषण चालू असताना ते गुपचूप मुद्रित केले आणि भाषण संपताच पडद्यावर परत दाखवले. सभागृह थक्क झाले. मला या प्रसंगात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लोक थक्क झाले ते मुद्रण झाल्यामुळे नव्हे. मुद्रण होताना कोणाला काही कळलेच नव्हते. ते परत लावून दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

१९६७ साली अँपेक्सनेच चित्र फितीऐवजी फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर साठवणारे एक यंत्र काढले. त्यात फक्त ३० सेकंदांचे चित्र मावे. खेळाच्या सामन्यात गोल झाला की तो संथ गतीने पुन्हा दाखवण्यासाठी त्याचा उपयोग होई. डिस्क आणि चित्र यांची ही पहिली मोठी भेट. पण ३० सेकंदांत पहारा होत नाही. म्हणून पुढची तीनेक दशके पहाऱ्याचे काम फितीकडेच राहिले.

बँका आणि दुकानांत त्यासाठी खास व्हीसीआर असत. तीन तासांची कॅसेट चोवीस तास पुरवायची, म्हणून सेकंदाला पंचवीस चित्रांऐवजी तीनच टिपायची. तीच कॅसेट पुन्हा पुन्हा वापरायची, त्यामुळे चित्र दिवसेंदिवस पुसट होत जाई. १९९३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये जेम्स बल्जर या दोन वर्षांच्या बालकाला एका बाजारसंकुलातून नेण्यात आले. नेणारी दोन मुले कॅमेऱ्यात दिसली, सगळ्या देशाने ती चित्रे पाहिली, पण ती इतकी धूसर होती की मुलांच्या वयाचाही नीट अंदाज येईना. प्रत्यक्षात ती दहा वर्षांची निघाली.

तरीही कॅसेटच्या काळाला एक फायदा होता, आणि तो कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. कॅसेट संपली की ती बदलायला माणूस लागे. तो रोज यंत्रापाशी जाई, जुनी कॅसेट काढी, तिच्यावर तारीख घाली, नवी लावी. फीत गुंडाळून बसली असेल, यंत्राचे डोके मळले असेल, तर त्याला ते त्याच दिवशी कळे. त्या रोजच्या कंटाळवाण्या कामात यंत्राची तपासणी आपोआप होऊन जात होती.

१९९६ साली स्वीडनच्या अॅक्सिस कंपनीने थेट नेटवर्कला जोडायचा कॅमेरा बाजारात आणला. त्याच सुमारास हार्ड डिस्का स्वस्त होत गेल्या. पुढच्या दहाएक वर्षांत कॅसेट गेली आणि डिस्क आली. चित्र स्वच्छ झाले, हवी ती वेळ क्षणात शोधता येऊ लागली, जागा भरली की यंत्र सर्वांत जुने चित्र पुसून त्यावर नवे लिहू लागले. माणसाला काहीच करावे लागेना. म्हणून माणूस यंत्राकडे जाईनासा झाला, आणि त्याच्याबरोबर ती न योजलेली रोजची तपासणीही गेली.

आता ही डिस्क मरते कशी ते पाहू. डिस्कच्या पोटात गुळगुळीत तबकड्या मिनिटाला पाच-सात हजार फेरे घेत असतात, आणि त्यांवरून वाचणारे-लिहिणारे डोके हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगत असते. हे अंतर काही नॅनोमीटरांचे, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या कित्येक हजाराव्या भागाइतके. एवढ्या नाजूक वस्तूला आपण रेकॉर्डरमध्ये किती काम लावतो त्याचा हिशेब फळ्यावर मांडतो तसा मांडून पाहा. एक कॅमेरा सेकंदाला २० लाख बिट पाठवतो असे धरले, तर दिवसाला २१.६ गिगाबाइट होतात. आठ कॅमेऱ्यांचे १७२.८. म्हणजे चार टेराबाइटची डिस्क साधारण २३ दिवसांत भरते, आणि चोविसाव्या दिवसापासून पहिल्या दिवसावर लिखाण सुरू होते. वर्षाचे लिखाण सुमारे ६३ टेराबाइट.

घरच्या संगणकासाठी बनवलेल्या डिस्का साधारणपणे वर्षाला ५५ टेराबाइट काम आणि २४०० तास चालणे एवढे गृहीत धरून बनवतात. वर्षाचे तास असतात ८७६०. पहाऱ्यासाठीच्या वेगळ्या डिस्का मिळतात, त्या वर्षाला १८० टेराबाइट आणि अहोरात्र चालण्यासाठी असतात. त्यांचा स्वभावही निराळा असतो. साध्या डिस्कला एखादी खराब जागा लागली की ती तिथेच अडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तोवर मागची चित्रे खोळंबतात. पहाऱ्याची डिस्क एखादे चित्र सोडून देते आणि पुढे चालू लागते. पण दोन पैसे वाचवण्यासाठी रेकॉर्डरमध्ये संगणकाची जुनी डिस्क बसवून देणारे महाभाग गावोगाव आहेत.

डिस्क मरण्याआधी सांगते का? सांगावे म्हणून खटपट झाली. १९९० च्या दशकात आयबीएम, कॉम्पॅक वगैरे कंपन्यांच्या प्रयत्नांतून 'स्मार्ट' नावाची पद्धत रूढ झाली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवते, किती जागा खराब होऊन बदलाव्या लागल्या, किती जागा संशयित आहेत, तापमान किती, एकूण किती तास चालली, इत्यादी. पण २००७ साली दोन अभ्यास एकाच परिषदेत प्रसिद्ध झाले आणि डोळे उघडले. गूगलच्या संशोधकांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांच्या नोंदी तपासल्या. तपासणीत पहिली खराब जागा आढळली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढते, असे त्यांना दिसले. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीरपणेच घ्यावा. मात्र बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांनी कोणताच इशारा दिलेला नव्हता. दुसरा अभ्यास कार्नेगी मेलन विद्यापीठाचा. कंपन्यांची पत्रके दहा लाख तासांचे, म्हणजे ११४ वर्षांचे सरासरी आयुष्य सांगत होती. त्या हिशेबाने वर्षाला शंभरात एकही डिस्क जायला नको. प्रत्यक्षात दोन ते चार जात होत्या, आणि एखाद्या ठिकाणी तेरापर्यंत.

म्हणजे शंभरात दोन-चार जाणार हे धरूनच चालायचे. डिस्क गेली यात नवल नाही. ती गेल्याचे कळायला किती दिवस लागले, हा खरा प्रश्न. या प्रश्नाचे जगाला माहीत असलेले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे.

मॅनहॅटनमधल्या संघराज्याच्या तुरुंगात १० ऑगस्ट २०१९ रोजी जेफ्री एपस्टीन हा कैदी कोठडीत मृतावस्थेत आढळला. मुलींच्या लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यांखाली तो खटल्याची वाट पाहत होता, आणि बड्याबड्या लोकांशी त्याची ऊठबस होती. साहजिकच पहिला प्रश्न निघाला, कॅमेऱ्यांत काय आहे? अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी जून २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात याचे उत्तर आहे. तुरुंगात जुन्या पद्धतीचे कॅमेरे आणि डीव्हीआर होते. त्यांतल्या एका रेकॉर्डरच्या डिस्कमधल्या बिघाडामुळे २९ जुलैपासून जवळजवळ निम्म्या कॅमेऱ्यांचे मुद्रण होतच नव्हते. पडद्यावर चित्र मात्र येत होते. दहा दिवस तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ८ ऑगस्टला ते लक्षात आले, पण ९ तारखेला दुरुस्ती पुरी झाली नाही, आणि ती रात्र तशीच गेली. नवी यंत्रणा बसवण्याचे काम आधीपासून रेंगाळलेले होतेच.

त्याच अहवालात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि शिक्षक म्हणून मला ती अधिक झोंबली. त्या रात्री पहारेकऱ्यांनी ठरल्याप्रमाणे फेऱ्या मारून कैदी मोजले नव्हते, तरी मोजल्याच्या नोंदी कागदावर करून ठेवल्या होत्या. वर्गात न जाता हजेरीपटावर पी-पी-पी भरण्याचाच हा प्रकार. यंत्राची वही कोरी होती आणि माणसाची वही खोटी होती. एका चालू असलेल्या रेकॉर्डरवर कोठड्यांबाहेरच्या जागेचे चित्र सापडले आणि तपासाला त्याचा मोठा आधार झाला. मृत्यू घातपाताचा नाही या निष्कर्षाला छेद देणारे काही महानिरीक्षकांना आढळले नाही. तरी पुढची कित्येक वर्षे संशय शमला नाही. जिथे पुराव्याची जागा रिकामी राहते, तिथे लोक आपापल्या मनातले चित्र बसवतात. इतिहासातही आपण हेच पाहतो.

याआधी लंडनमध्येही असेच घडले होते. २२ जुलै २००५ रोजी स्टॉकवेल स्थानकात जाँ शार्ल द मेनेझेस या निरपराध ब्राझिलियन तरुणाला पोलिसांनी दहशतवादी समजून आगगाडीच्या डब्यात गोळ्या घातल्या. डब्यात कॅमेरा होता, पण आदल्या घटनांच्या तपासासाठी हार्ड डिस्क काढून नेली होती आणि तिच्या जागी दुसरी बसवलेली नव्हती. फलाटावरच्या यंत्रणेतही बिघाड होता. एका माणसाचे शेवटचे क्षण साक्षीदारांच्या आठवणींवर सोडावे लागले, आणि त्या आठवणी पोलिसांच्या सांगण्याशी जुळत नव्हत्या.

एवढ्या लांबच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. जवळची सांगतो. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका रात्रीत दोन गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या. संशय कोणावर जायचा? वॉचमनवर. बार्शीकडचा साधा माणूस, पन्नाशीचा. सभासदांसमोर उभा राहून तो मला म्हणाला, "सर, तुम्ही तरी सांगा यांना. क्यामेऱ्यात बघा की. मी त्या रातीला गेट सोडलेलंच नाही." कॅमेरा आपल्याविरुद्ध नसून आपल्या बाजूचा साक्षीदार आहे, एवढा त्याचा त्या डब्यावर विश्वास होता. केबिनमधल्या टीव्हीवर आठही चौकोन लखलखीत दिसत होते, कोपऱ्यात घड्याळ चालू होते. मागचे लावून पाहिले तर शेवटचे मुद्रण अकरा आठवड्यांपूर्वीचे. डिस्क संगणकाची होती आणि ती मेली होती. यंत्र बिचारे 'पीप-पीप' करून सांगत होते, तर त्या आवाजाचा त्रास होतो म्हणून कोणीतरी तो सेटिंगमधून बंद करून टाकलेला. आणि देखभालीचा ठेका ज्यांच्याकडे होता, त्यांच्या माणसाने दोनच आठवड्यांपूर्वी येऊन कार्डावर 'सर्व ठीक' असे लिहून सही केलेली! त्याने टीव्हीवर चित्र पाहिले असणार आणि सही केली असणार.

वॉचमनविरुद्ध काही सिद्ध झाले नाही. त्याच्या बाजूनेही काही सिद्ध झाले नाही. महिनाभराने तो काम सोडून गेला. तो दोषी होता की निर्दोष, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्याने मागितलेला एकमेव साक्षीदार आम्ही त्याला देऊ शकलो नाही, ही गोष्ट मनातून जात नाही.

त्यानंतर सोसायटीने नवा एनव्हीआर घेतला आणि त्याची वही ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जाणत्या तंत्रज्ञांकडून जे शिकलो ते क्रमाने सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

रेकॉर्डर 'डिस्क एरर' म्हणाला किंवा मागचे चित्र सापडेना, की पहिला नियम असा, घाईने 'फॉर्मॅट' किंवा 'इनिशियलाइज' करू नये. त्याने यंत्र कदाचित चालू होईल, पण आधीचे हाती लागणे जवळपास अशक्य होऊन बसेल. तीच डिस्क काढून घरच्या संगणकाला जोडली, तर तिथेही 'फॉर्मॅट करू का?' असा प्रश्न येतो. त्याचा अर्थ डिस्क बिघडली असाच होत नाही. रेकॉर्डरची लिहिण्याची पद्धत संगणकाला पुष्कळदा वाचता येत नाही, एवढेच. उत्तर 'नाही' असे द्यावे.

दुसरे, डिस्कवर आळ घेण्याआधी तिच्या आजूबाजूला पाहावे. अडॅप्टर जुना होऊन कमी वीज देऊ लागला की डिस्क मध्येच बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. अडॅप्टर बदलून पाहावा. मग डिस्कची केबल काढून नीट बसवावी किंवा बदलावी. यंत्रात 'स्मार्ट'ची माहिती दिसत असेल तर चार आकडे पाहावेत. पाचव्या क्रमांकाचा आकडा म्हणजे बदललेल्या खराब जागा, १९७ म्हणजे संशयित जागा, १९८ म्हणजे वाचताच न आलेल्या जागा. हे वाढत असतील तर डिस्क चालली असे समजून जे हवे ते लगेच दुसरीकडे उतरवून घ्यावे. मात्र नुसता १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. विनाकारण नवी डिस्क विकत घेणारे इथेच फसतात.

तिसरे, घड्याळ. वीज गेल्यावर तारीख सांभाळणारा नाण्याएवढा सेल संपला की यंत्र भलत्याच वर्षात जाऊन बसते. मुद्रण होते, पण भलत्या तारखेखाली, आणि आपण डिस्क मेली म्हणून हळहळतो. चौथे, जुन्या यंत्राला मोठी डिस्क ओळखता येत नाही, कित्येकांची मर्यादा दोन टेराबाइटच्या आसपास असते. पाचवे, उष्णता आणि धूळ. बंद कपाटात, इन्व्हर्टरला चिकटून ठेवलेल्या रेकॉर्डरकडून दीर्घायुष्याची अपेक्षा करू नये. आणि वारंवार वीज जात असेल तर छोटा यूपीएस लावावा. दोन डिस्कांवर एकच गोष्ट लिहिणारी यंत्रे असतात, ती उत्तम. पण एक गेल्यावर दुसरीच्या भरवशावर सहा महिने काढले, तर दोन असून उपयोग काय?

आणि शेवटची तपासणी, जी खरे तर पहिली असायला हवी. दर महिन्याच्या एक तारखेला मी प्रत्येक कॅमेऱ्याचे तीन ठिकाणचे चित्र लावून पाहतो, कालचे, आठवड्यापूर्वीचे आणि यंत्रात असायला हवे त्या सर्वांत जुन्या दिवसाचे. वहीत तारीख, सर्वांत जुना उपलब्ध दिवस आणि सही. दहा मिनिटांचे काम आहे. शिकागोच्या त्या सभागृहात जे केले गेले तेच करायचे, परत लावून पाहायचे. टीव्हीवरचे चालू चित्र पाहून यंत्र ठीक आहे म्हणणे म्हणजे पटावर नाव आहे म्हणून मुलगा वर्गात आहे असे मानण्यासारखे आहे.

ही गोष्ट सोसायटीपुरती असती तर एवढे लिहिले नसते. २ डिसेंबर २०२० रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. कोठडीतल्या माणसाला मारहाण झाली तर पुरावा राहावा, हा त्यामागचा हेतू. चित्रण १८ महिने राखावे, आणि कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नाही, असे त्यात सांगितले आहे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे अंमलदारावर टाकली आहे. वरचाच हिशेब लावला तर १८ महिन्यांसाठी एका कॅमेऱ्याला सुमारे १२ टेराबाइट जागा लागते. म्हणजे एका ठाण्यात डिस्कांची रांगच हवी, आणि त्या रांगेतली एखादी डिस्क दर वर्ष-दोन वर्षांत जाणार हेही गृहीत धरायला हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांच्या दुरवस्थेची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. कॅमेरा विकत घेता येतो, भिंतीवर लावता येतो, त्याचे उद्घाटनही करता येते. डिस्कचे उद्घाटन कोणी करत नाही, आणि तिच्या वहीवर सही करायला कोणी नेमलेलाही नसतो.

बंद पडलेला कॅमेरा तेवढा वाईट नाही. पडदा काळा दिसतो, लोक तक्रार करतात, दुरुस्ती होते. मुद्रण न करणारा चालू कॅमेरा अधिक वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणसे निर्धास्त राहतात, आणि ज्या दिवशी एखादा गरीब माणूस "त्यात बघा की" म्हणतो त्या दिवशीच ते उघड होते.

असो. बरेच लांबले. वाचकांपैकी ज्यांच्या सोसायटीत, दुकानात वा शाळेत असा डबा असेल, त्यांनी आज जमल्यास पंधरा दिवसांपूर्वीची एखादी दुपार लावून पाहावी. सापडली तर वहीत तारीख टाकावी. नाही सापडली, तरी ते आजच कळले हे बरेच झाले म्हणायचे.